इंजिनचं काम झालं आणि नवा आवाज लागला: तो शोधायचा कसा?

"ताई, इंजिन उघडलं की थोडा आवाज येतोच. हजारेक किलोमीटर पळवा, बसेल आपोआप."

हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पॅकिंग) बदलून गाडीची किल्ली हातात देताना मला हे ऐकवण्यात आलं. गाडी अकरा वर्षं जुनी, पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बाराशे सीसी. कामाआधी ती पाणी पीत होती, पण आवाज कसलाच नव्हता. काम झाल्यावर पाणी पिणं थांबलं आणि सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक सुरू झाली. शिवाय खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आणखी एक आवाज यायचा, टर्रर्र, पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखा. पंधरा दिवसांनी परत गेले तर निदान तयारच होतं: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. हेड पुन्हा उतरवावं लागेल, चार दिवस गाडी राहील, लेबर वेगळं.

हेड पुन्हा उतरलं नाही. टिकटिक एका नटाची निघाली आणि टर्रर्र एका बोल्टची. शोधायला दोन सकाळी गेल्या, आणि शेजारच्या अण्णांचे कान लागले. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि अजूनही रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा आजार सांगतात. त्यांच्याकडून जे शिकले ते, आणि नंतर ओळखीपाळखीच्या तीन-चार गाड्यांवर करून पाहिलं ते, इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवून सुरुवात करा. कामानंतर आलेला आवाज बहुतेक वेळा त्या कामात जिथे हात लागला तिथलाच असतो. काहीतरी सोडलं होतं, ते नीट बसलं नाही, आवळलं नाही, किंवा परत लावलंच नाही. म्हणून इंजिनच्या पोटात शिरण्याआधी त्याच्या अंगावरचं सगळं तपासायचं.

आधी ठरवा, गाडी चालू ठेवायची की बंद करायची

काही आवाज शोधत बसायचे नसतात, तिथे किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं. खालून, चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) बाजूने येणारा जड ठोका, लाकडावर हातोडी मारल्यासारखा, रेस केल्यावर वाढणारा, हा त्यातला पहिला. टायमिंग कव्हरच्या आतून साखळी फरफटल्यासारखी खडखड येते आणि स्टार्टनंतर दोन-तीन सेकंदांत थांबत नाही, हा दुसरा. चेनने दात सोडला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. अशा वेळी गाडी गॅरेजपर्यंत "हळूहळू" नेऊ नका, टोइंग बोलवा.

ऑइलचा लाल दिवा लागला तर अर्थातच बंद. पण तो विझलेला आहे म्हणजे दाब ठीक आहे असंही समजू नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे पाणी नाकाशी आल्यावर. खालून ठोका किंवा वरून सततची टकटक असेल तर ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा आणि इंजिन गरम झाल्यावर दाब मोजा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो हाताशी नसेल तर दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुन्या फिटर लोकांचा ठोकताळा वापरा.

इंजिनच्या कामानंतर दाब कमी असण्याचं एक कारण हमखास विसरलं जातं: सिलिकॉन, जोड बंद करायला लावतात तो लेप. चेंबर किंवा टायमिंग कव्हर बसवताना सिलिकॉन हात सैल सोडून लावलं, तर दाबलं गेल्यावर ते आतल्या बाजूलाही बाहेर येतं. त्याचे तुकडे सुटून ऑइलमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. बाहेरच्या कडेला सिलिकॉनची जाड दोरी दिसत असेल तर आतही तशीच आहे असं धरून चाला.

याच वेळी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा, थंड इंजिनावर कूलंट बघा, आणि कामात चाकं काढली असतील तर चाकांचे नट स्वतः आवळून घ्या. माझ्या एका मैत्रिणीने "सस्पेन्शनचा आवाज" म्हणून आठवडाभर जो कटकट आवाज ऐकला, तो डाव्या चाकाच्या ढिल्या नटांचा होता.

बिल घेऊन बसा

गॅरेजच्या बिलावर तीन ओळी असतात: हेड गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), लेबर. पण हेड उतरवायला काय काय सोडावं लागतं? एअर फिल्टरचा डबा, इन्टेक मॅनिफोल्ड, इंजेक्टरची रेल, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणारा जोडपाइप) आणि त्यावरचा हीट शील्डचा पत्रा, टॅपेट कव्हर, टायमिंग चेन किंवा बेल्ट, फॅन बेल्ट, बऱ्याच गाड्यांत एका बाजूचं माउंटिंग (आपले फिटर याला फाउंडेशन म्हणतात), कूलंटचे चार-पाच पाइप, आणि वायरिंगच्या डझनभर क्लिपा. यातली प्रत्येक जागा आता संशयित आहे.

फिटरला विचारा, "दादा, काय काय सोडलं होतं?" सूर चौकशीचा ठेवा, आरोपाचा नको, म्हणजे तो खरं सांगतो. उत्तर कागदावर उतरवून घ्या. माझी यादी अठरा ओळींची झाली होती.

अख्खं इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवला असेल तर यादीत आणखी भर पडते: सगळी माउंटिंग, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, क्लच, सायलेन्सरचा पुढचा पाइप, एसीचे पाइप, खालचं प्लास्टिक. इथे एक प्रश्न विसरू नका: गिअर ऑइल परत भरलं का? ड्राइव्हशाफ्ट ओढले की बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअर ऑइल तिथून वाहून जातं. ते न भरता गाडी बाहेर पडली तर वेगाबरोबर चढत जाणारी घुंईऽऽ ऐकू येते, आणि ती ऐकू येईपर्यंत बेअरिंगांचं आयुष्य बरंच कमी झालेलं असतं.

आवाजाला नाव द्या

या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. टिकटिक, टकटक, ठकठक, खडखड, खरखर, किरकिर, घरघर, गुळगुळ, फसफस, सूंऽऽ, टर्रर्र. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. "कसला तरी आवाज येतो" असं सांगितलं की गॅरेजवाला त्याच्या सोयीचा आवाज ऐकतो.

नाव दिल्यावर तो कधी येतो ते चार दिवस टिपून ठेवा. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? गाडी उभी असताना रेस केल्यावर येतो का? येत असेल तर इंजिन आणि त्यावर लटकलेल्या वस्तू एवढंच क्षेत्र उरतं. गाडी पळतानाच येत असेल तर पन्नासच्या वेगाला क्षणभर क्लच दाबून बघा, रस्ता मोकळा आणि सपाट असेल तरच. इंजिन आयडलवर आलं तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकं, बेअरिंग, ड्राइव्हशाफ्ट यांच्या बाजूचा. लगेच बदलला तर इंजिनकडचा. चढावर वाढतो की उतारावर पाय उचलल्यावर? एसी लावल्यावर? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर?

फोनवर आवाज रेकॉर्ड करा. एकदा बॉनेट उघडून, एकदा आत बसून, एकदा मागे सायलेन्सरजवळ. आणि मग थोडा हिशेब करा. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी होते. आयडलिंग ८०० आरपीएम असेल तर क्रँक मिनिटाला ८०० वेळा फिरतो आणि कॅम ४००. दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाव वेगाने वाजवलं तर ते चाळीस सेकंद चालतं आणि ठोके मोजता येतात. सदुसष्टच्या आसपास भरले तर आवाज कॅमच्या चालीचा: व्हॉल्व्ह, टॅपेट, किंवा कुठल्या तरी एका सिलिंडरची गळती. एकशे तीसच्या वर गेले तर क्रँकच्या चालीचा, म्हणजे पुली आणि फ्लायव्हीलकडे बघा. फ्लायव्हीलच्या मागचा पातळ संरक्षक पत्रा बसवताना वाकला की तो असाच घासतो. यात एक खोच आहे. टॅपेट आणि एका सिलिंडरची एक्झॉस्ट गळती दोन्ही एकाच चालीने वाजतात, त्यामुळे मोजून त्या दोघांत फरक कळत नाही. माझ्या गॅरेजवाल्याची गफलत नेमकी इथेच झाली होती.

हात लावण्याआधी डोळे लावा

इंजिन बंद, थंड, हातात चांगली टॉर्च. यादीतली एकेक जागा बघत चला. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मे आवाज इथेच सापडतात.

एअर फिल्टरच्या डब्याची एखादी क्लिप उघडी राहिली असेल तर रेस केल्यावर गाडी घोगऱ्या आवाजात ओरडते. डिपस्टिकच्या नळीचा बोल्ट नसेल तर ती ब्लॉकवर थरथरते. बॅटरीची पट्टी, वायरिंगच्या क्लिपा, कूलंटचा पाइप कुठे पत्र्याला टेकतोय का, एसीचा पाइप बॉडीला चिकटलाय का, सगळं हाताने हलवून बघा. गाडीखालचं प्लास्टिक ज्या फास्टनरवर बसतं ते काढताना तुटतात आणि चारपैकी दोनच परत लागतात. मग साठच्या वर फडफड सुरू होते. इंजिनवरचं फोम लावलेलं कव्हर परत लावलंय ना तेही बघा. ते नसलं की इंजेक्टरची नेहमीचीच कटकट ऐकू येऊ लागते आणि माणूस घाबरतो. पूर्वीपासून होतीच ती, फक्त गोधडीखाली होती.

आणि हो, दहा नंबरची गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट. जगातल्या सगळ्या गॅरेजमधून हीच हरवते आणि कुणाच्या तरी इंजिनच्या कोनाड्यात घरोबा करते. टॉर्च खाली, मागे, माउंटिंगच्या कप्प्यातही मारा.

कान लावणे

आता इंजिन चालू करायचं, पण आधी काही नियम. गाडी उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये नाही, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना दगड. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस, यातलं काहीही बेल्टजवळ जाता कामा नये. रेडिएटरचा फॅन विजेवर चालतो, तो न सांगता सुरू होतो आणि काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या हातात दोनच वस्तू होत्या: एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि हातभर रबरी नळी.

"ठोका लोखंडातून येतो, तो स्क्रू ड्रायव्हरने ऐकायचा. हवा फटीतून येते, ती नळीने ऐकायची. दोन वेगळी कामं आहेत पोरी, एका हत्याराने होत नाहीत."

स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्थिर भागावर टेकवायचं आणि मुठीचा मागचा भाग कानाच्या पुढच्या हाडाला लावायचा, कानाच्या भोकात घालायचा नाही. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच, महाग नसतो. टॅपेट कव्हरवर चारही सिलिंडरच्या जागी ऐका, मग इंजेक्टर, अल्टरनेटरचं अंग, वॉटर पंप, टायमिंग कव्हर, शेवटी चेंबर. प्रत्येक ठिकाणी काही ना काही ऐकू येणारच. शोधायची असते ती शेजारणीपेक्षा वेगळी बोलणारी जागा.

माझ्या गाडीत टॅपेट कव्हरवर चारही ठिकाणी सारखाच, मऊ, एका लयीतला आवाज होता. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने, न टेकवता, फिरवायला लागले. एक नंबर, दोन, तीन. चार नंबरवर थांबले. मग नळी माझ्या कानाला लावली. बॉनेटवरून जी टिकटिक होती ती नळीतून फस्-फस्-फस् अशी येत होती, कुणी दात दाबून श्वास सोडावा तशी.

टिकटिक: सगळ्यात फसवा आवाज

यावर थोडं रेंगाळते, कारण हेडच्या कामानंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं निदान होणारा आवाज हाच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती असेल तर टिकटिक थंड इंजिनावर जोरात असते, चढावर आणि रेस देताना वाढते, आणि धातू तापून फुगला की कमी होते किंवा गायब होते. फटीशी काजळीचा काळा ओघळ दिसतो. शंका असेल तर थंड इंजिनावर जोडाच्या कडेने साबणाचं पाणी लावा, इंजिन सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड चार-पाच सेकंद अर्धवट दाबायला सांगा. आतला दाब वाढतो आणि फटीतून फेस येतो. हे पहिल्या मिनिटातच उरका, मॅनिफोल्ड फार पटकन तापतं.

टॅपेटचा आवाज टॅपेट कव्हरवर सगळ्यात स्पष्ट असतो आणि भाराने फारसा बदलत नाही. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाडीत कामानंतर त्यातलं ऑइल उतरलेलं असतं. ते भरेपर्यंत टकटक होणं साहजिक आहे, पण गाडी गरम होऊन अर्धा तास चालल्यावर तरी ती थांबायला हवी. साध्या टॅपेटला आपोआप बरं होण्याची सोय नाही. हेडच्या कामात व्हॉल्व्ह घासून बसवले, की क्लिअरन्स (टॅपेटची फट) बदलतो आणि तो फीलर गेजने मोजून, शिम (पातळ चकती) किंवा स्क्रूने, जुळवावाच लागतो. तेव्हा "हजार किलोमीटरमध्ये बसेल" हे ऐकल्यावर विचारायचा प्रश्न असा: या गाडीत टॅपेट हायड्रॉलिक आहे की साधं, आणि साधं असेल तर क्लिअरन्स किती ठेवला?

ढिला स्पार्क प्लगही टिकटिकतो. पर्ज व्हॉल्व्ह नावाची छोटी प्लास्टिकची डबी असते, ती गरम इंजिनावर मधूनच टकटकते आणि बोट लावलं की हाताला जाणवते. तो तिचा स्वभाव आहे, आजार नाही.

डिझेल गाडीत इंजेक्टर काढून परत लावले असतील तर त्याखालचा तांब्याचा वॉशर नवा टाकला का ते विचारा. जुना वापरला किंवा खाली कचरा राहिला तर कॉम्प्रेशन तिथून निसटतं. आधी बारीक चफ्-चफ्, मग इंजेक्टरभोवती डांबरासारखा कडक काळा थर. लवकर सापडलं तर वॉशरवर भागतं. उशीर झाला तर इंजेक्टर त्या डांबरात असा रुततो की काढायला वेगळं यंत्र आणावं लागतं.

आता ती चाचणी, जिने माझ्या गाडीचा निकाल लावला. पेट्रोल इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढायचा आणि इंजिन सुरू करून दहा-पंधरा सेकंद ऐकायचं. गाडी मिसिंग मारेल, चेक इंजिनचा दिवा लागेल, लागू दे. मग बंद करून प्लग परत लावायचा आणि पुढचा काढायचा. कॉइल काढू नका. ठिणगी नसताना पेट्रोल पडत राहतं आणि ते न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. ज्या सिलिंडरचं पेट्रोल बंद केल्यावर टिकटिक मलूल होते, तिथे स्फोटाच्या दाबाशी तिचा संबंध आहे, म्हणजे गळती. टॅपेट असतं तर पेट्रोल असो वा नसो, कॅम त्याला ठोकत राहिलाच असता. चार नंबरचा प्लग काढला आणि माझी टिकटिक बसली.

डिझेल कॉमन रेलमध्ये जुन्या गाड्यांसारखा पाइप सैल करून सिलिंडर तोडायला, म्हणजे बंद पाडायला, जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, आणि त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. इंजेक्टरला येणारा करंटही साधा बारा व्होल्टचा नसतो. तिथे हे काम स्कॅनर लावून गॅरेजमध्येच करू द्या.

ठकठक

याच चाचणीत खालचा जड ठोका एखादं सिलिंडर तोडल्यावर कमी झाला तर त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर किंवा पिस्टनवर संशय घ्या. पिस्टनचा ठोका बहुधा थंडीत मोठा असतो आणि इंजिन तापल्यावर मावळतो. बेअरिंगचा उलटा, ऑइल पातळ झालं की वाढतो. बेअरिंगचा असेल तर इंजिन पुन्हा चालू करू नका.

किरकिर, चूं-चूं आणि शिट्टी

बेल्ट काढून परत लावला असेल तर पाण्याची फवारणी करून बघा. चालू इंजिनावर लांबून, साध्या स्प्रेच्या बाटलीने, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर. चूं-चूं क्षणभर थांबून परत आली तर पुली एका रेषेत नाहीत, कुठला तरी ब्रॅकेट तिरपा बसलाय. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, किंवा टेन्शनर थकलाय, किंवा बेल्टवर ऑइल-कूलंट सांडलंय. तेवढ्यानेही न कळलं तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि अर्धा मिनिट इंजिन चालवा. आवाज गेला तर तो बेल्टच्या कुटुंबातला. मग एकेक पुली हाताने फिरवा, खरखर हाताला लगेच कळते. अर्धा मिनिट म्हणजे अर्धा मिनिटच. कित्येक गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो.

बारीक सूंऽऽ आणि त्याबरोबर आयडलिंग वरखाली होत असेल तर इन्टेकच्या बाजूने हवा ओढली जातेय: ब्रेक बूस्टरचा पाइप, ब्रीदरचा पाइप, इन्टेक मॅनिफोल्डची पॅकिंग. नळी फिरवून सापडते. तिथे कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून बघणारे असतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी हा खेळ कशाला? टर्बो डिझेलमध्ये शिट्टी फक्त जोर लावल्यावर येते आणि मागे काळा धूर दिसतो, तेव्हा इंटरकूलरच्या पाइपची क्लिप बघा. सुटलेल्या जागी ऑइलचा ओलावा असतो.

डॅशबोर्डमागची गुळगुळ

गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून ओढा वाहिल्यासारखा आवाज येतो? कूलंटमध्ये हवा अडकली आहे. हेडच्या कामानंतर हे फार होतं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडा, नाक चढावाकडे करून गाडी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पातळी भरा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो. गरम इंजिनावर झाकणाला हात लावायचा नाही. दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वरही शांत बसलेलं असतं आणि झाकण सैल होताच अंगावर उसळतं.

दोन-तीन वेळा हवा काढूनही बुडबुडे परत येत असतील तर कॉम्प्रेशन कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे, म्हणजे हेड गॅस्केट नीट बसलेलं नाही. तेव्हा मात्र हेड उतरवावंच लागेल, आणि तो खर्च तुमचा नसावा.

सीट थरथरते, स्टिअरिंग गुणगुणतं

माउंटिंगचे बोल्ट इंजिन लटकत असताना किंवा जॅकवर तिरपं असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि आयडलवर सगळी गाडी गुणगुणते. नवीन माउंटिंग टाका म्हणतील. आधी खालचा आधार न काढता माउंटिंगचे बोल्ट थोडे सैल करून इंजिनला त्याच्या जागी बसू द्या आणि मग ठरलेल्या टॉर्कने आवळायला सांगा. सायलेन्सरचा पाइप कुठे टेकतोय का तेही बघा. चकाकी आलेली घासलेली खूण सापडली तर तीच ती जागा.

क्लच उघडला असेल तर एवढं पुरे: पेडल दाबल्यावर येणारी घरघर रिलीज बेअरिंगची. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारी आणि दाबल्यावर थांबणारी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची.

टर्रर्र

पातळ पत्रा एका ठराविक आरपीएमलाच बोलतो, वर नाही, खाली नाही. माझा बावीसशेला बोलायचा. गाडी उभी करून आत बसलेल्या माणसाने बावीसशेवर रेस धरली आणि अण्णांनी लाकडी काठीच्या टोकाने एकेक पत्रा दाबला. मॅनिफोल्डवरचा हीट शील्ड दाबला की आवाज बंद, काठी उचलली की टर्रर्र. तीन बोल्टपैकी एक नव्हताच. बोल्टचं भोक गंजून मोठं झालेलं असतं तेव्हा मोठा वॉशर चालतो. सायलेन्सरच्या पाइपवरच्या शील्डला जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) गुंडाळली तरी भागतं. पत्रा काढून फेकू नका, त्याच्यामागे वायरिंग आणि प्लास्टिक भाजतं.

तो शील्ड उतरवल्यावरच खालचं दिसलं. चार नंबरजवळच्या स्टडवर नटच नव्हता, आणि त्याशेजारी हेडच्या स्वच्छ घासलेल्या ॲल्युमिनियमवर अंगठ्याच्या नखाएवढा काजळीचा डाग.

गॅरेजमध्ये परत जाताना

मी काहीही दुरुस्त न करता गेले, आणि तुम्हीही तसंच करा. स्वतः नट लावला तर पुढे काही झाल्यावर "तुम्हीच हात लावला" हे ऐकावं लागतं. बरोबर डागाचा फोटो, थंड इंजिनचं रेकॉर्डिंग आणि "चार नंबरच्या इंजेक्टरचा प्लग काढल्यावर आवाज बसतो" हे एक वाक्य नेलं. थंड आवाज दाखवायचा असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे लावा. तापलेल्या गाडीतून सकाळची टिकटिक ऐकवता येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि प्रत्येक बदलानंतर ऐका. बेल्ट, टेन्शनर, माउंटिंग एकदम बदललं आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कुणालाच कळत नाही, पैसे मात्र तिन्हींचे जातात.

गॅरेजच्या मालकांनी फोटो बघितला, काही बोलले नाहीत, पोराला हाक मारली. गॅस्केट नवं टाकलं, कारण फुंकून गेलेली जागा नुसती आवळून धरत नाही. नट मधून सुरू करून कडेकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. शील्डला तिसरा बोल्ट लागला. लेबर घेतलं नाही, गॅस्केटचे पैसे मीच दिले.

अण्णांनी पाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर ते नट एकदा तपासून घ्यायला सांगितलं होतं. तपासले तेव्हा दोन नट पाव-पाव फेरी फिरले.